टेलिफोनच्या आंकड्यांचा पत्ता

कोल्हापुरांत लक्ष्मीपुरींतून किंवा महाद्वार रस्त्यानें जातांना जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर अजूनहि एक ओळ वाचावयास मिळते : ०२३१-२६५, आणि त्यापुढें आणखी चार आंकडे. पेढीचें नांव, मालाची जात, पेठ हें सारें वाचून झाल्यावर बहुतेकांची नजर या ओळीवरून घसरून जाते. आंकडे दाबले, पलीकडे घंटा वाजली, काम झालें. त्या आंकड्यांना स्वतःचा कांहीं अर्थ असेल ही शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. वस्तुतः ती ओळ म्हणजे एक संपूर्ण पत्ता आहे. पाकिटावर माणूस आधीं नांव लिहितो, मग घर, पेठ, गांव, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे जातो. टेलिफोनचा पत्ता उलट बाजूनें लिहिलेला असतो : देश, विभाग, तालुका, केंद्र, आणि सर्वांत शेवटीं घर.

आरंभीं या आंकड्यांना असा अर्थ नव्हता. १८८२ सालच्या जानेवारींत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोनचीं पहिलीं केंद्रें उघडलीं, त्या वेळीं केंद्रांत बसलेला माणूस ‘कोण पाहिजे?’ असें विचारी आणि फळ्यावरील एका भोंकांतली दोरी दुसऱ्या भोंकांत खुपसून देई. नंबर म्हणजे त्या भोंकाचा अनुक्रम, एवढेंच. आंकड्यांना रचना आली ती मधला माणूस गेल्यावर. अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रॉजर या गृहस्थाला १८९१ मध्यें स्वयंचलित केंद्राचा एकाधिकार मिळाला. केंद्रावरील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. संशयानें जगाला दिलेल्या देणग्यांत ही बरीच मोठी म्हणावी लागेल. हिंदुस्थानांत असलें पहिलें केंद्र १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास बसलें.

स्ट्रॉजरच्या यंत्राला सबंध नंबर एकदम वाचतां येत नसे. तबकडीवर ५ फिरविले कीं तारेंतून पांच ठोके जात व यंत्रांतील एक भुजा पांच पायऱ्या सरके. पुढचा आंकडा आला कीं दुसरी भुजा सरके. शून्यासाठीं दहा ठोके पडत. पहिल्या ठोक्यांनीं मोठा रस्ता निवडला जाई, मधल्यांनीं गल्ली, आणि शेवटच्या ठोक्यांनीं एकच एक दार. एकदां निवडलेला रस्ता सोडून मागें फिरण्याची सोय त्या यंत्राला नव्हती. त्यामुळें मोठें आधीं व लहान नंतर हा क्रम अपरिहार्य झाला. लोखंडाच्या भुजा केव्हांच मोडींत निघाल्या आणि त्यांचें काम संगणक करूं लागले, तरी क्रम मात्र तोच राहिला आहे.

आतां पाटीवरची ओळ डावीकडून वाचावी. पहिलें जें शून्य, तें कोल्हापूरचें मुळीच नव्हे. तें दारावरची कडी वाजविण्यासारखें आहे. ‘हा पुकारा गांवाबाहेर जावयाचा आहे, पुढचे आंकडे गांवाचे आहेत असें समज,’ एवढाच निरोप तें स्थानिक केंद्राला देतें. ही कडी माणसाच्या हातीं येण्यापूर्वीं परगांवीं बोलणें ही एक मोहीमच असे. ट्रंक कॉल नोंदवावयाचा, घरांतल्या माणसांनीं टेलिफोनजवळून हलावयाचें नाहीं, आणि घंटा वाजली म्हणजे सर्वांनीं एकदम ओरडून बोलावयाचें, अशी रीत होती. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें मध्यस्थावांचून परस्पर बोलण्याची सोय झाली आणि देशांत एस्. टी. डी. या तीन अक्षरांचा प्रवेश झाला. त्यानंतर प्रत्येक गांवाला स्वतःचा संकेतांक असणें क्रमप्राप्तच होतें.

कोल्हापूरचा संकेतांक २३१. त्यांतील २ हा आंकडा साधारणपणें देशाचा पश्चिम भाग दाखवितो. मुंबई २२, पुणें २०, नाशिक २५३, सोलापूर २१७. साधारणपणें म्हणण्याचें कारण असें कीं, महाराष्ट्रांतील नागपूर ७१२, अमरावती ७२१ व अकोला ७२४ हीं मध्यभारताच्या ७ या घरांत बसलीं आहेत, आणि अहमदाबादहि गुजराथेंतील शेजाऱ्यांचें २ सोडून ७९ मध्यें जाऊन बसलें आहे. पुढचा ३ घेतला म्हणजे २३ होतात. या २३ च्या पोटांत कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे एकमेकांस लागून असलेले जिल्हे येतात, आणि त्यांच्या पंक्तीला, भूगोलाच्या मास्तरांनीं कान पकडावा अशा रीतीनें, दूरचें लातूरहि २३८२ घेऊन येतें.

खरी मौज तिसऱ्या आंकड्यापासून आहे. कोल्हापूर जिल्ह्यांत बारा तालुके आहेत. करवीर म्हणजे कोल्हापूर शहर व आसपासचा मुलूख यांस २३१ मिळाला. इचलकरंजीसह हातकणंगले तालुक्यास २३० मिळाला. राहिले दहा तालुके. त्यांना २३१ च्याच पुढें एकेक आंकडा लावून २३११, २३१२ असे क्रमांक कां दिले नाहींत, असा प्रश्न कोणीहि विचारील. यंत्राची वाचण्याची रीत ध्यानांत आणली म्हणजे उत्तर मिळतें. २३१ एवढें ऐकतांच यंत्र पुकारा कोल्हापूरच्या रस्त्याला लावून मोकळें होतें. त्यापुढें आलेला आंकडा तें कोल्हापुरांतल्याच नंबराचा पहिला आंकडा समजतें. म्हणून जो संकेतांक एकदां कोणा गांवाला दिला, त्यानें दुसऱ्या कोणत्याहि संकेतांकाचा आरंभ होतां कामा नये, हा या सबंध रचनेचा मूलभूत नियम आहे.

या नियमामुळें २३२ हा क्रमांक मुद्दाम कोणालाच दिला नाहीं. तो मोकळा ठेवून त्याच्या पुढें चौथा आंकडा लावण्यांत आला. २३२० चंदगड, २३२१ राधानगरी, २३२२ शिरोळ व जयसिंगपूर, २३२३ आजरा, २३२४ गारगोटी म्हणजे भुदरगड, २३२५ कागल, २३२६ गगनबावडा, २३२७ गडहिंग्लज, २३२८ पन्हाळा आणि २३२९ मलकापूरसह शाहूवाडी. शून्यापासून नऊपर्यंत दहा घरें, आणि उरलेले तालुकेहि नेमके दहाच. एक घर रिकामें नाहीं, एक तालुका बाहेर नाहीं. कारकुनी कामांत इतका सुबक हिशेब क्वचितच जुळतो. पुढें २३३ सांगली-मिरजेला, आणि २३४ पुन्हा मोकळा ठेवून त्याच्या पोटांत इस्लामपूर, तासगांव, विटें, जत वगैरे. २३५ च्या पोटांत रत्नागिरी जिल्हा. २३६ च्या पोटांत सिंधुदुर्ग. सह्याद्रीचा कडा मध्यें आडवा आला तरी आंकड्यांची मालिका घाट उतरून कोंकणांत जाते.

तालुकाच धरण्याचें कारण पैशाचें होतें. टेलिफोनखात्यानें देशाचे २,६०० हून अधिक लहान आकारणी-विभाग पाडले आणि त्यांच्या सीमा बहुधा तालुक्यांच्या सीमांशीं जुळत्या ठेवल्या. पुकारा कोणत्या विभागांतून कोणत्या विभागांत गेला यावरून अंतर ठरे आणि अंतरावरून दर. म्हणजे संकेतांक एकाच वेळीं रस्ताहि सांगे आणि भाडेंहि सांगे. ज्यांनीं एस्. टी. डी. च्या पिवळ्या पाटीखालीं उभें राहून यंत्रावरचे लाल आंकडे धडधडत्या छातीनें पाहिले आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको. १ मार्च २००६ पासून देशांत कोठेंहि मिनिटाला एक रुपया असा दर सरकारी कंपन्यांनीं सुरू केला आणि अंतराचें हें भाडें नाहींसें होऊं लागलें.

संकेतांकांच्या या नकाशांत राज्यांचा इतिहासहि उमटलेला आहे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. राज्यपुनर्रचनेंत बेळगांव म्हैसूर राज्याकडे गेलें आणि चंदगड मुंबई राज्यांत राहून कोल्हापूरला जोडलें गेलें. त्यानंतर ठरलेल्या संकेतांकांत चंदगडला कोल्हापूरच्या दहा घरांपैकीं पहिलें घर मिळालें. शेजारच्या बेळगांवाला ८३१ मिळाला. कागल सोडून कोगनोळीकडे वळलें म्हणजे ऊंस तोच, बोली तीच, पाहुणेरावळे तेच, पण निपाणीचा संकेतांक ८३३८. दोन गांवांतील माणसें एकमेकांना बाजारांत रोज भेटत असलीं तरी यंत्राच्या दृष्टीनें एक पश्चिमेंत आहे व दुसरें दक्षिणेंत.

२३१ नंतर सात आंकडे उरतात. त्यांतील पहिला २ हा गांवाचा नव्हे व केंद्राचाहि नव्हे. तो कंपनीचा आहे. टेलिफोनचा व्यवसाय खाजगी कंपन्यांस खुला झाल्यावर कोणाचा नंबर कोणाचा हें ओळखण्यासाठीं २००२-०३ च्या सुमारास सरकारी कंपन्यांच्या साऱ्या जुन्या नंबरांमागें २ लावण्यांत आला व इतर आंकडे खाजगी कंपन्यांस वांटून दिले. त्यापूर्वीं कोल्हापूरचे नंबर सहा आंकडी होते. जुन्या लग्नपत्रिकेंत किंवा दिवाळी अंकाच्या जाहिरातींत ०२३१ नंतर सहाच आंकडे दिसले, तर ते छापणाऱ्याची चूक समजूं नये. त्यावरून त्या कागदाचें वय मात्र काढतां येतें. पुढचे दोन आंकडे, पाटीवरचे ६५, केंद्राचा गट दाखवितात, आणि शेवटच्या चार आंकड्यांत ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार घरें सामावतात.

गडहिंग्लजच्या संकेतांकांत एक आंकडा अधिक, म्हणून तेथील नंबरांत एक आंकडा कमी : सहा. मुंबईचा संकेतांक दोन आंकडी, म्हणून तेथील नंबर आठ आंकडी. बेरीज सर्वत्र दहा. मोठ्या शहराला आंखूड संकेतांक देण्याचें रहस्य हेंच आहे, त्यांत मानमरातबाचा प्रश्न नाहीं. २ नें आरंभ होणाऱ्या नंबरांपुरतेंच पाहिलें तर गडहिंग्लजच्या वांट्यास एक लाख येतात, कोल्हापूरच्या दहा लाख आणि मुंबईच्या एक कोटि.

या दहा आंकड्यांच्याहि अलीकडे देशाचा क्रमांक असतो. जगाचे नऊ भाग कल्पिले असून ९ हा भाग पश्चिम व दक्षिण आशियाचा आहे. ९१ हिंदुस्थान, ९२ पाकिस्तान, ९३ अफगाणिस्तान, ९४ श्रीलंका, ९५ ब्रह्मदेश. नेपाळला ९७७ व भूतानला ९७५ मिळाले, कारण ९७ हा २३२ प्रमाणेंच मोकळा ठेवून पुढें फोडलेला आहे. तालुक्यांना जो नियम लागला तोच राष्ट्रांनाहि लागतो. क्रमांकापूर्वीं येणारें अधिक चिन्ह म्हणजे परदेशीं पुकारा करण्याची त्या त्या देशांतली कडी. हिंदुस्थानांत ती दोन शून्यांची आहे, अमेरिकेंत ०११ अशी आहे. प्रत्येकाची निराळी, म्हणून सर्वांना कळेल असें एक चिन्ह योजिलें. सारे आंकडे मिळून पंधरांहून अधिक होऊं नयेत असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. हिंदुस्थानचे बाराच होतात.

येथें पाट्यांवर व पत्रिकांवर वारंवार होणारा एक दोष सांगितला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं ९१ लिहून त्यापुढें ०२३१ छापलेलें असतें. हें शून्य देशांतल्या देशांत वाजवावयाची कडी आहे; परदेशांतून येणाऱ्यानें ती वाजविली तर दार उघडत नाहीं. ९१ नंतर थेट २३१ आलें पाहिजे. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे, त्या घरांत वडिलांच्या दवाखान्याचा वा शेजाऱ्यांचा नंबर असा चुकीचा लिहिलेला राहिला, तर नेमक्या गरजेच्या रात्रीं तो निरुपयोगी ठरतो.

१ नें आरंभ होणारे आंखूड क्रमांक हा निराळाच वर्ग आहे. सामान्य टेलिफोनचा नंबर १ नें सुरू होत नाहीं, म्हणून आरंभीं १ ऐकतांच केंद्र समजतें कीं हा पुकारा कोणा घरासाठीं नसून सेवेसाठीं आहे. पोलीस १००, अग्निशामक १०१, सर्व संकटांसाठीं एकच असा ११२, आणि टेलिफोनवरून पैशाची फसवणूक झाल्यास १९३०. दिल्लीचा संकेतांक ११ असूनहि घोटाळा होत नाहीं, कारण दिल्लीपूर्वीं शून्याची कडी वाजलेली असते.

१९९५ सालीं खिशांतला टेलिफोन आला आणि या सर्व भूगोलाला पहिला धक्का बसला. त्याचाहि नंबर दहा आंकडीच ठेवला, परंतु त्यांत तालुक्याला जागा उरली नाहीं. पहिले चार आंकडे कंपनी व परिमंडळ दाखवीत, उरलेल्या सहांत दहा लाख गिऱ्हाइकें. ९८२२, ९८२३ किंवा भारत संचार निगमचा ९४२२ पाहिला म्हणजे तो मुंबई वगळून महाराष्ट्र व गोवा या परिमंडळाचा, एवढें कळे. माणूस कोल्हापूरचा, नागपूरचा कीं पणजीचा, हें नंबर सांगत नसे. तरीहि कंपनी व परिमंडळ एवढा पत्ता शिल्लक होता. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली व त्यांतील कंपनीचा अर्थ गेला. ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ ओलांडूनहि नंबर बरोबर नेतां येऊं लागला व प्रांताचा अर्थहि गेला. आतां पुकारा आला कीं यंत्र आधीं एका मोठ्या नोंदवहींत पाहतें, हा नंबर सध्यां कोणाकडे आहे तें शोधतें, आणि मगच वाट धरतें. पत्ता होता त्याचें नांव झालें. नांवावरून जसें राहण्याचें ठिकाण कळत नाहीं, तसेंच मोबाइलच्या आंकड्यांवरून तो प्रथम कोठें दिला गेला एवढेंच फार तर कळतें.

या बदलाची झळ घराघरांना लागते. पत्ता गेला तरी त्यावरचा विश्वास गेलेला नाहीं. ‘नंबर तर आपल्याकडचाच दिसतो,’ असें म्हणून पेन्शनरांनीं बँकेंतील ठेवीची माहिती अनोळखी आवाजाच्या हवालीं करावी, असे प्रकार वर्तमानपत्रांत वारंवार येतात. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून मोबाइलला शून्य लावून बोलावें लागतें, हें पुष्कळांना ठाऊक आहे. फसवणुकीच्या दृष्टीनें उपयोगी असे दोन-तीन आंकडे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहेत. १४० नें आरंभ होणारा पुकारा जाहिरातीचा. बँका, विमाकंपन्या व सरकारी कचेऱ्या यांनीं गिऱ्हाइकांस करावयाच्या कामकाजी पुकाऱ्यांसाठीं १६० ही मालिका २०२४ सालीं राखून ठेवण्यांत आली. बँकेचा अधिकारी म्हणविणारा गृहस्थ साध्या दहा आंकडी मोबाइलवरून गोपनीय आंकडे विचारूं लागला, तर फोन ठेवून देऊन बँकेच्या पुस्तकावर छापलेल्या नंबरावर स्वतः चौकशी करणें हाच मार्ग बरा. पोलिसांच्या किंवा खात्याच्या नांवानें ९२ ने आरंभ होणाऱ्या परदेशी क्रमांकांवरून धमकावण्याचे प्रकार इतके वाढले कीं, दूरसंचार विभागाला मार्च २०२४ मध्यें त्याविषयीं जाहीर इशारा द्यावा लागला. परदेशांतून पुकारा करून पडद्यावर ९१ दाखविण्याची युक्तीहि भामट्यांनीं साधली होती. असे पुकारे सीमेवरच अडविणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झाली. दिसणारा नंबर ही ओळखपत्रावरची सही नव्हे, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांना सांगून ठेवणें फार अवघड नाहीं.

तारेच्या टेलिफोनचा पत्ता मात्र अजून बऱ्याच अंशीं खरा आहे. ०२३१ पाहिला म्हणजे कोल्हापूर, ०२३२८ पाहिला म्हणजे पन्हाळा, असें म्हणण्याची सोय आहे. कोल्हापुरांतल्या कोल्हापुरांत बोलतांना संकेतांक गाळून नुसते सात आंकडे दाबण्याची सवय सर्वांस आहे. परंतु आंकड्यांचा पुरवठा वाढावा म्हणून शेजारच्या घरींहि शून्य व संकेतांक लावूनच बोलावें, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें फेब्रुवारी २०२५ मध्यें केली आहे. तसें झाल्यास मंगळवार पेठेंतून शिवाजी पेठेंत बोलतांनाहि आधीं कडी वाजवावी लागेल आणि मागोमाग २३१ म्हणावें लागेल.